ताटातली लाखोरी

रोजच्या जेवणात काय असलं म्हणजे माणूस निरोगी राहून जास्त जगतो, हा प्रश्न आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन पडलेला असतो. उत्तरंही तयारच असतात. जपानमधल्या ओकिनावा बेटावरचे म्हातारे रताळी आणि सोयाबीन खातात, ग्रीसच्या इकारिया बेटावरचे कडधान्यं आणि रानभाज्या खातात, तेव्हा तुम्हीही खा. सानगडीत बसून ही यादी वाचली की थोडं हसू येतं. त्यातलं निम्मं सामान वेगळ्या नावानं इथल्या बांध्यांत आणि धुऱ्यांवर आधीपासून आहे. कडधान्यं आहेत, रानभाज्या आहेत, तलावातली मासोळी आहे, जवस आहे.

या सगळ्यांवर एका व्याख्यानात बोलायचं ठरवलं तर ती किराण्याची यादी होईल. म्हणून आपण आज एकच वस्तू घेऊ. तिला इकडे लाखोरी म्हणतात. थोडं पुढं गेलं की तीच लाखोळी, कुठं नुसती लाख. छत्तीसगडात तिवडा, उत्तरेकडं खेसारी. (लाखनी आणि लाखांदूर या गावांच्या नावांचा धागा या डाळीशी जोडायचा मोह होतो, पण नावांवरून इतिहास काढण्याची सवय वाईट, तेव्हा तो मोह टाळू.) ही वस्तू घेण्याचं कारण असं की एकाच दाण्यावर दोन शिक्के आहेत. सरकारी कागदावर ती बरीच वर्षं अपायकारक ठरलेली होती. घरात मात्र ती वरण होती, वडे होते, पातोडी होती. यातलं खरं कोणतं? आमचं म्हणणं असं की दोन्ही खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी का आहेत हे समजलं तर आयुष्य वाढवणाऱ्या पदार्थांबद्दलच्या बऱ्याच याद्या बाजूला ठेवता येतील.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. ‘आमचे आजे-पणजे हेच खाऊन शंभर वर्षं जगले’ हे वाक्य आपण सगळे म्हणतो. एखाद्या घरात तसा आजा असेलही. पण देशाचा हिशोब वेगळा आहे. १९५१च्या जनगणनेच्या आसपास भारतात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. यात लहानपणीचे मृत्यू फार मोठे होते हे लक्षात घ्यायचं. म्हणजे ३२व्या वर्षी सगळे मरत होते असं नाही, तर पाळण्यातच खूप जात होती. तरी जुनं ते सगळं आरोग्याचं होतं असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. आपल्याच जिल्ह्याचं घ्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ मध्य प्रांतावर आले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तलावांच्या जिल्ह्यात हे घडलं. तेव्हा जुन्या ताटाकडं आदरानं बघू, पण डोळे उघडे ठेवून.

आता तलावांकडं येऊ, कारण त्यांच्याशिवाय लाखोरी समजत नाही.

सानगडीच्या टेकडीवरचा किल्ला भोसलेकालीन म्हणून सांगितला जातो आणि बाहेरून येणारा पाहुणा आधी तो बघतो. आमच्या मते या मुलखातलं मोठं बांधकाम किल्ल्याचं नाही, पाळीचं आहे. साकोली तालुक्यातला शिवणीबांध, शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध, आणि गावोगावची लहान तळी आणि बोड्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे हजारो तलाव आहेत. यातल्या बऱ्याच तलावांचं श्रेय कोहळी समाजाकडं जातं. गोंड राजांनी ‘तलाव बांधील त्याला खालची जमीन’ अशी सवलत दिली, अशी परंपरा सांगते. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. पुढं इंग्रजी अमलात मालगुजारी पद्धत आली आणि या तळ्यांना मालगुजारी तलाव हे नाव चिकटलं. नाव मालगुजाराचं, हात दुसऱ्यांचे. असं आपल्याकडं होतंच.

तलावाचं पाणी तुडूम उघडून धानाच्या बांध्यांत सोडायचं. धान कापणीला येतं तेव्हा चिखल पूर्ण वाळलेला नसतो. नांगर घालता येत नाही आणि तो वाळेपर्यंत थांबलं तर ओल उडून जाते. यावर या भागानं काढलेला तोड म्हणजे उतेरा. धान उभं असतानाच, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, त्या ओल्या चिखलात लाखोरीचं बी फेकून द्यायचं. धान कापेपर्यंत ते रुजतं. नांगर नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. उरलेल्या ओलीवर पीक येतं. माघ-फाल्गुनात निळी फुलं जाऊन शेंगा भरलेल्या असतात. हरभरा अशा चिखलात कुजतो. लाखोरी पाण्यातही तग धरते आणि पुढं पाणी तुटलं तरी तग धरते. शिवाय मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते ते वेगळंच. कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, पाला वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचा, दाण्याची डाळ करायची, कुटार जनावरांना.

दाणा तिकोनी असतो. संस्कृतात म्हणूनच त्याला त्रिपुट म्हटलं आहे. त्यात प्रथिनं पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुरीपेक्षाही सरस. ज्याच्याकडं एक एकर धान आहे आणि दुसरं काहीच नाही, त्याला फुकटात मिळणारी ही प्रथिनं होती. लाखोरीला गरिबाची डाळ म्हणतात ते याच अर्थानं.

मग हिच्यावर शिक्का कशामुळं बसला?

ही कथा मध्य भारतातूनच सुरू होते, निदान लिखित स्वरूपात. ठगांच्या बंदोबस्तामुळं प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन सागरच्या बाजूला होता. त्याचं प्रवासवर्णनपर पुस्तक १८४४ साली प्रसिद्ध झालं. त्यात तो लिहितो की १८२९ पासून तिकडं लागोपाठ गव्हाची पिकं बुडाली आणि शेतात आपोआप माजणारी तिवडा तेवढी वाढत राहिली. लोकांनी मग तीच खाल्ली. १८३३च्या सुमारास गावागावांतले तरुण, साधारण तिशीच्या आतले, कमरेखाली लुळे पडायला लागले. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठून बघतो तर पाय उचलत नाहीत. पुन्हा कधीच नीट उचलले गेले नाहीत.

आपल्याकडच्या वैद्यांना याची जाणीव त्याही आधी होती. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्रिपुट खाल्ल्यानं माणूस लंगडा-पांगळा होतो असा इशारा आहे. युरोपातही तेच. १८११-१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्यामुळं माद्रिदमध्ये दुष्काळ पडला तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठाची कांजी पिऊन जगले. गोया या चित्रकारानं त्यावर एक चित्र कोरलं आहे. त्यात लोक कांजीसाठी भांडी पुढं करत आहेत आणि एक बाई जमिनीवर पडलेली आहे, तिला उठता येत नाही. १८७३ मध्ये नेपल्सच्या कान्तानी या डॉक्टरानं या आजाराला लॅथिरिझम हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या हिवाळ्यात, रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना मुख्य अन्न म्हणून हाच जनावरांचा दाणा दिला गेला. काही आठवड्यांतच शेकडो माणसं पायांनी अधू झाली. कैद्यांतच असलेल्या आर्थर केसलर नावाच्या डॉक्टरानं कारण ओळखलं आणि कैद्यांनी तो दाणा खायला नकार दिला.

या सगळ्या गोष्टींत एक समान दुवा आहे, तो नीट बघा. सागर, माद्रिद, वाप्नियार्का, कुठंही माणूस आवडीनं लाखोरी खात नव्हता. सागरात गहू गेला होता, माद्रिदमध्ये दुष्काळ होता, छावणीत तर काटेरी तारच होती. ताटात दुसरं काही नव्हतं. ज्याला आपण पदार्थाचा दोष म्हणतो तो दोष असा रिकाम्या ताटातच बाहेर आला.

स्वातंत्र्यानंतरचं उदाहरण आपल्या जवळचं आहे आणि ते जास्त बोचणारं आहे. विंध्य भागात, रीवा आणि सतना या जिल्ह्यांत, लॅथिरिझमचे रुग्ण फार मोठ्या संख्येनं सापडले. दुष्काळ नसतानाही. कारण काय? तिथल्या बांधील मजुरांना मजुरी पैशात मिळत नव्हती, धान्यात मिळत होती, आणि ते धान्य म्हणजे बहुतेक खेसारी. मालक गहू विकायचा आणि मजुराला खेसारी मोजून द्यायचा. जो सालभर तेच खाईल त्याचे पाय जाणारच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली आला. लॅथिरिझमचा इतिहास लिहिताना डॉक्टर रसायनाबद्दल लिहितात, ते बरोबरच आहे, पण आम्हाला विचाराल तर या आजाराचा अर्धा इतिहास मजुरीच्या मापात आहे.

रसायनाचंही सांगायला हवं. १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सरमा यांनी लाखोरीतला विषारी घटक वेगळा करून दाखवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका भारतीय गटानंही तो शोधला. त्याचं नाव लांबलचक आहे, थोडक्यात त्याला ओडॅप म्हणतात. पायांच्या हालचाली चालवणाऱ्या मज्जापेशींना तो इजा करतो. तो किती खाल्ला तर इजा होते? साधारण असं दिसलं आहे की रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोरीच असेल आणि हे दोन-तीन महिने सलग चाललं, तर धोका. वाटीभर वरण आणि आठवड्यातून एकदा वडे, हे त्या हिशोबात बसत नाही.

दुसरी गोष्ट, हा घटक पाण्यात विरघळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं साठच्या दशकातच दाखवून दिलं की डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिलं तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. त्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, ही त्याची किंमत.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लाखोरीच्या प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात. ती धान्यात असतात, मासळीत असतात, दुधात असतात. ही आम्लं कमी पडली की शरीर ओडॅपला लवकर बळी पडतं असं संशोधकांना आढळलं आहे. इथिओपियात नव्वदच्या दशकात दुष्काळात लॅथिरिझमची मोठी साथ आली. तिकडं याच दाण्याला ग्वाया म्हणतात. तिथं घरोघरी फिरून अभ्यास झाला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ग्वाया इतर धान्यात मिसळून खाल्ली जात होती, किंवा कांदा, लसूण, आलं घातलेल्या रश्शाबरोबर खाल्ली जात होती, तिथं धोका कमी होता. दाणा तोच, गाव तेच, दुष्काळही तोच. फरक ताटाचा.

आता सानगडीकडं परत या आणि इथलं जुनं ताट डोळ्यांपुढं आणा. भात हा पाया. त्यावर लाखोरीचं वरण, पण नेहमी नाही, कारण धुऱ्यावर तूर आहे. तलावात पाणी आटायला लागलं की ढिवर बांधवांनी धरलेली मरळ, शिंगी, झिंगे आणि लहान मासोळ्या. लहान मासोळी काट्यासकट खाल्ली जाते. त्यातून चुना आणि अ जीवनसत्त्व मिळतं, जे मोठ्या माशाच्या कापलेल्या तुकड्यात तेवढं नसतं. तलावातलाच शिंगाडा. पावसाळ्यात तरोटा, जंगलात सात्या आणि बांबूचे वास्ते. उन्हाळ्यात मोहफुलं. अंबाडीची भाजी. जवसाची चटणी आणि कुठं जवसाचं तेल, ज्यातल्या ओमेगा-३बद्दल आज शहरात भाव मोजला जातो. ढिवरांची मासळी कोहळ्यांच्या घरी जात होती आणि कोहळ्यांचं धान-गूळ ढिवरांच्या घरी. प्रत्येकाच्या ताटात सगळं सारखं पडत नव्हतं, हेही खरं. जातीनं आणि जमिनीनं ताटं वेगळी केलेलीच होती. पण पाळीमुळं एका गावाच्या हद्दीत दहा-बारा प्रकारचं अन्न तयार होत होतं. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाल्ली जात असूनही रीवासारखं चित्र का उभं राहिलं नाही, याचं उत्तर आमच्या मते इथं आहे. डाळ एकटी नव्हती.

कायद्याला मात्र ताट दिसत नाही, दाणाच दिसतो. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. त्याच्या नियमांत १९६१ साली खेसारीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली होती. महाराष्ट्रानं बंदी घातली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी घातली नाही. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. म्हणजे गंमत अशी की देवरीच्या पुढं सीमा ओलांडली की जी डाळ उघड बाजारात, ती अलीकडं गुन्हा. पेरणीवर बंदी नव्हती, विक्रीवर होती. शेतकरी पेरू शकत होता, खाऊ शकत होता, विकू शकत नव्हता. आणि विकता येत नाही म्हटल्यावर भाव कोण देणार? व्यापाऱ्यानं चोरून घ्यायची, मातीमोल भावानं घ्यायची, आणि तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत मिसळायची. भरडलेली लाखोरी पिवळी दिसते, सहज खपून जाते. ज्या भेसळीसाठी कायदा होता ती भेसळ बंदीमुळं फायद्याची झाली.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. विदर्भातले लोक पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खात आले आहेत, ते लुळे पडलेले नाहीत, मग त्यांच्या स्वस्त प्रथिनांवर बंदी कशासाठी, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही. पण ‘जे लोक खातात त्यांना विचारा’ ही त्यांची मागणी वैज्ञानिकही होती आणि लोकशाहीचीही. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. केंद्राच्या २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र खेसारीच्या विक्रीवरचा निर्बंध कायम राहिला. २०१६च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पातळीवर कमी ओडॅपच्या वाणांना मोकळीक देण्याची शिफारस झाली आणि देशभर चर्चा उसळली. दोन्ही बाजूंनी आवेशानं लिहिलं गेलं. एका बाजूला ही डाळ म्हणजे अमृत, दुसऱ्या बाजूला विष. सानगडीच्या स्वयंपाकघरात ती यातलं काहीच नव्हती, ती डाळ होती.

तरी ‘अमृत’ म्हणणाऱ्यांच्या हाती एक खरा धागा आहे, तो सांगितला पाहिजे. लाखोरीत होमोआर्जिनिन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल असतं. रोजच्या खाण्यात येणाऱ्या पदार्थांत याचा लाखोरीइतका मोठा साठा दुसरीकडं सापडत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते सापडलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हृदयविकाराच्या रुग्णांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त, असं त्यात आढळलं. लगेच काहींनी निष्कर्ष काढला की लाखोरी खा, हृदय सांभाळा. थांबा. रक्तात एखादी गोष्ट कमी असणं हे आजाराचं लक्षण असू शकतं, कारण असेलच असं नाही. होमोआर्जिनिन वरून दिल्यानं माणसाचं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. शक्यता मात्र दार ठोठावते आहे, आणि ज्या दाण्यात पायांचा वैरी आहे त्याच दाण्यात कदाचित हृदयाचा मित्रही आहे, हे निसर्गाचं वागणं आपल्या याद्यांत बसणारं नाही.

याहून भक्कम पुरावा लाखोरीचा नाही, एकूण कडधान्यांचा आहे. २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जपान, स्वीडन, ग्रीस आणि ऑस्ट्रेलिया इथल्या सत्तर वर्षांवरच्या ७८५ लोकांच्या खाण्याची नोंद घेऊन काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. भाज्या, मासे, दूध, मांस, सगळं तपासलं. सगळ्या समाजांत सातत्यानं जीव वाचवणारा म्हणून एकच गट पुढं आला, कडधान्यांचा. रोजचं कडधान्य २० ग्रॅमनं वाढलं की मृत्यूची जोखीम सात-आठ टक्क्यांनी कमी. वीस ग्रॅम म्हणजे किती? मूठभरही नाही. जपानी लोक ते सोयाबीनमधून घेत होते, स्वीडनचे लोक वाटाण्यातून, ग्रीसचे मसूर-हरभऱ्यातून. माणसं ७८५च होती, म्हणून फार ताणायचं नाही. पण दिशा इतर अभ्यासांशी जुळते. म्हणजे सानगडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विदेशी बी विकत घ्यायची गरज नाही. धुऱ्यावरची तूर, बांधीतली लाखोरी, परसातल्या पोपटाच्या शेंगा पुरेत.

भाताबद्दलही दोन शब्द, कारण आपलं अर्धं ताट तेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरानं पाहिलं की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पायांतून जातात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. व्होर्डरमन या त्याच्या सहकाऱ्यानं मग तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी, कोंड्याचा तांदूळ मिळणाऱ्यांत जवळजवळ नाही. जीवनसत्त्वांच्या शोधाचा रस्ता तिथून फुटला आणि आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. इथंही धान तेच होतं, गिरणीनं ते बदललं. उखळात कांडलेला तांदूळ आणि आजचा पॉलिश केलेला तांदूळ एकाच नावानं ताटात येतात एवढंच. पुन्हा उखळ-मुसळ घ्या असं आम्ही कुणाही माऊलीला सांगणार नाही. तिनं ते कष्ट पुरेसे केले आहेत. गिरणीवाल्याला ‘पॉलिश कमी कर’ म्हणता येतं.

आज अडचण वेगळीच आहे. १९५१ नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले. मालगुजाराचा जुलूम गेला ते उत्तमच झालं. पण पाळीची माती, तुडमाची डागडुजी, गाळ काढणं, ही कामं कुणाची, हे धड ठरलं नाही. तळी उथळ झाली, बेशरमाची झुडपं माजली, देशी मासोळ्यांच्या जागी रोहू-कतल्याचं बीज आलं. जिथं पाणी आहे तिथं उन्हाळी धान घेतलं जातं, म्हणजे उतेऱ्याला बांधी मोकळी नाही. जिथं हार्वेस्टरनं कापणी होते तिथं त्याच्या चाकांखाली कोवळी लाखोरी चिरडते. मोकळ्या सुटलेल्या जनावरांमुळं एकट्या शेतकऱ्याला उतेरा राखता येत नाही, सगळ्या शिवारानं मिळून राखावा लागतो. रेशनवर तांदूळ मिळतो ही मोठी गोष्ट आहे, १९०० सालच्या माणसाला विचारा. पण ताटात तांदूळ वाढला आणि डाळ पातळ झाली. साखरेचा आजार गावात येऊन बसला आहे, आणि तो श्रीमंताघरीच जातो असं आता राहिलेलं नाही.

तेव्हा कुणी विचारेल, लाखोरी पुन्हा पेरायची का? पेरायची असेल तर बी बघून पेरा. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण निघालेले आहेत. यातले शेवटचे दोन शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे. शेजारच्या बांधीत जुनं बी असेल तर मधमाश्यांमुळं थोडा संकर होतो, म्हणून चार-पाच वर्षांनी बी बदलावं लागतं. कोरड पडली किंवा जमिनीत जस्त कमी असलं तर दाण्यात ओडॅप वाढतो, म्हणजे नेमक्या वाईट साली जास्त जपायचं. डाळ रात्री गरम पाण्यात भिजवा, पाणी फेकून द्या, मग शिजवा. लहान मुलांना आणि पायांची किंवा मज्जातंतूंची तक्रार असलेल्यांना ती नको. वरणात एक मूठ लाखोरी आणि एक मूठ तूर घाला, वर लसणाची फोडणी. सोबत भात आहेच, आणि मिळाली तर झिंग्यांची चटणी.